लेझरपाशी काम करताना

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "लेझर? आमच्या गावाकडं कुठला आला लेझर! ती मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळातली आणि कारखान्यातली गोष्ट." त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की पुढच्या खेपेस लातूरला गेलात तर गंजगोलाईत सहज एक चक्कर मारा. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गोलाईच्या आसपास भांड्यांचे दुकान पाहा. पूर्वी लग्नात द्यायच्या ताट-वाटीवर नाव टाकायला कारागीर बसायचा. हातात खिळा नाहीतर थरथरणारी विजेची सुई असायची, आणि एक-एक अक्षर टिंबाटिंबांनी उमटायचे. आता त्या जागी पेटीएवढे एक यंत्र मिळते. त्याच्या डोक्यातून काहीही बाहेर येताना दिसत नाही, पण खालच्या ताटावर ठिणगी नाचते आणि दोन-चार सेकंदांत मामाचे नाव, गाव, तारीख सगळे तयार! ते काम लेझर करतो.

सराफाकडे चला. सोन्याच्या दागिन्यावर आता सहा अक्षर-अंकांचा एक ओळखक्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असल्याखेरीज सराफाला दागिना विकता येत नाही. तो बारीक क्रमांक हॉलमार्क केंद्रात लेझरनेच कोरतात. रबरी शिक्के, लाकडावरची नावाची पाटी, लग्नपत्रिकेतली जाळीदार नक्षी, बक्षिसाची ढाल या सगळ्यांत लेझर आला. गेट-ग्रिल करणाऱ्यांच्या हाती लेझरची वेल्डिंग आली. गावोगाव इंटरनेटसाठी काचेच्या तारा टाकल्या जातात, त्यांच्या पोटातून लेझरच पळतो. मधुमेहाने डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा झाली तर डॉक्टर त्याच किरणाने इलाज करतात. नांदेडला २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या नगरीत हुजूर साहिबला येणाऱ्या यात्रेकरूंपैकी किती तरी जणांनी गोविंद बागेतला लेझरचा खेळ पाहिला असेल.

आणि मराठवाड्याच्या अभिमानाची एक गोष्ट राहिलीच. नांदेडच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात, त्यांच्या आत निर्वात पोकळी, आणि त्या पोकळीतून धावणारा लेझरचा किरण, अशी तिची रचना. दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर त्याची थरथर हा किरण टिपणार. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी ती थरथर प्रथम १४ सप्टेंबर २०१५ ला टिपली होती. तिथले शास्त्रज्ञ लेझर चालू असलेल्या खोलीत ठराविक चष्मा घातल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. जगातले इतके शिकलेले लोक ज्या किरणाला एवढे जपून असतात, तोच किरण भांड्याच्या दुकानातला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा उघड्या डोळ्यांनी हाताळतो. म्हणून आज बोलायचे.

'तोच किरण' हे मी उगीच म्हटले नाही. वेधशाळेतल्या लेझरची तरंगलांबी १,०६४ नॅनोमीटर असते, आणि धातूवर नाव कोरणाऱ्या फायबर लेझरचीही बहुधा तेवढीच. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आधी लेझर म्हणजे काय ते पाहू. आपल्या घरातला दिवा सगळीकडे उजेड फेकतो. त्यात नाना रंग मिसळलेले असतात आणि दिव्यापासून लांब जावे तसा तो उजेड विरळ होत जातो. जत्रेतून लोक पांगावेत, तसे त्याचे किरण पांगतात. लेझरचे किरण दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे असतात. सगळे एका रंगाचे, एका तालात, एकाच वाटेने चालणारे. ही कल्पना आइन्स्टाइन यांनी १९१७ च्या सुमारास कागदावर मांडली. प्रत्यक्षात लेझर उजळला तो १६ मे १९६० रोजी. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या एका कांडीतून तो काढला. त्या दिवसाची आठवण म्हणून १६ मे हा आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन पाळतात. शाळेतल्या गुरुजनांना तो विज्ञान दिनाइतकाच उपयोगी पडावा, पण नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, त्याला काय करणार!

आता डोळ्याकडे वळू. भिंगाने ऊन गोळा करून कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केलेला आहे. ऊन तेच असते. पसरलेले असते तेव्हा पाठ शेकते, आणि एका ठिपक्यात गोळा झाले की कागद पेटतो. आपल्या डोळ्यात असेच एक भिंग देवाने बसवले आहे, आणि कागदाच्या जागी आहे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा. अंधारात बाहुली मोठी होते, ती जास्तीत जास्त सुमारे ७ मिलिमीटर. तेवढ्या रुंदीतून आत शिरलेला लेझरचा झोत भिंग गोळा करते आणि पडद्यावर सुमारे २० मायक्रॉनचा ठिपका पाडते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गुरुजी, हे गणित फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. ७ मिलिमीटर म्हणजे ७,००० मायक्रॉन. त्याला २० ने भागले की ३५०. रुंदी ३५० पट घटली, म्हणजे क्षेत्रफळ ३५० गुणिले ३५०, म्हणजे १,२२,५०० पट घटले. बाहेर असलेली किरणाची धग आत जाता जाता लाखपटीने दाट झाली! दिव्याचा उजेड असा एका टिंबात गोळा होत नाही, त्याची पडद्यावर दिव्याएवढी, म्हणजे पसरट प्रतिमा उमटते. सूर्याची प्रतिमासुद्धा लेझरच्या ठिपक्यापेक्षा बरीच मोठी असते. म्हणून जो लेझर हातावर पडला तर काही कळत नाही, तोच डोळ्यात गेला तर सूर्याकडे टक लावून पाहण्यापेक्षाही घातक ठरू शकतो.

आणि यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की दृष्टिपटलाला दुखत नाही. वेदना कळवणारे तंतू तिथे नसतात. साध्या वेल्डिंगचा अनुभव आपल्याकडे घरोघर आहे. काचेविना टाके मारले की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी गळते, मग घरची माय डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवते आणि एक-दोन दिवसांत माणूस बरा होतो. बरा होतो तो चकत्यांनी नव्हे, डोळ्याचे बाहेरचे पारदर्शक आवरण आपोआप भरून येते म्हणून. या अनुभवाने आपल्या कारागिरांच्या मनात एक समज पक्का बसला आहे: दुखले तर इजा, दुखले नाही तर काही नाही, आणि झाले तरी दोन दिवसांत ओसरते. लेझरपाशी हा समज दगा देतो. आत पडद्याला जखम होते, तीही पुष्कळदा बरोबर मध्यभागी, जिथे वाचायची आणि माणसाचा चेहरा ओळखायची ताकद असते. दुखत काहीच नाही. फक्त नजरेच्या मधोमध एक काळपट डाग दिसू लागतो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहावे तर चेहरा गायब, कान तेवढे दिसतात. पडद्यावरचा व्रण कायमचा राहिला तर चष्म्याचा नंबर बदलून तो जात नाही.

कुणी विचारील, डोळा झटकन मिटत नाही का? मिटतो. झगझगीत उजेड पडला की पाव सेकंदात पापणी खाली येते. अगदी सौम्य लेझरपुरता तेवढा बचाव पुरतो. पण जोरकस लेझरला पाव सेकंद फार झाला. शिवाय पापणी मिटायला आधी उजेड दिसायला हवा ना! माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. १,०६४ चा किरण दिसतच नाही. दिसत नसला तरी डोळ्याच्या भिंगातून तो बिनबोभाट आत जातो आणि पडद्यावर गोळा होतो. सुमारे १,४०० नॅनोमीटरपर्यंत ही भीती राहते. चोर दिसतही नाही आणि कुत्रे भुंकतही नाही, अशातली गत.

पुन्हा त्या भांड्याच्या दुकानात येऊ, कारण घोटाळा तिथेच फार आहे. यंत्रावर एक तांबडा ठिपका दिसतो. काम करणारा सांगतो, "हा बघा लेझर." तो खरा लेझर नव्हे. अक्षरे कुठे उमटणार हे दाखवणारा तो निराळा, दुबळा दिवा आहे. कोरताना पांढरी ठिणगी दिसते तीही लेझर नव्हे, ती धातूची उकळती वाफ. खरा किरण २० वा ३० वॅटचा असतो, सेकंदाला हजारो ठोके मारतो, आणि शेवटपर्यंत दिसत नाही. वॅटचा आकडा ऐकून हसू नका. घरातला दिवा यापेक्षा मोठा असेल, पण तो पांगतो. लेझरच्या दुनियेत अर्ध्या वॅटच्या पुढचा प्रत्येक लेझर सर्वांत धोक्याच्या, चौथ्या वर्गात बसतो. चौथा वर्ग म्हणजे ज्याचा सरळ झोत तर राहोच, खरबरीत वस्तूवरून विखुरलेला उजेडही जवळून डोळ्याला बाधू शकतो आणि जो कागद, कापड पेटवू शकतो.

त्यात समोर काय, तर लखलखीत स्टीलचे भांडे! सपाट ताट म्हणजे आरसाच. हंड्याची बाहेरची बाजू फुगीर, तिच्यावरून परतलेला किरण पांगतो, दूर जाता जाता कमजोर होतो. पण वाटीची किंवा परातीची आतली बाजू खोलगट असते, आणि खोलगट आरसा किरण पुन्हा गोळा करतो. नाव वाटीच्या आत टाकायचे असेल तेव्हा जास्त जपावे लागते, ते यासाठी. हे तत्त्व शाळेतल्या पुस्तकात चमच्याच्या चित्रासह दिलेले असते. तेच दुकानात लागू आहे हे मात्र कुणी सांगत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, यंत्र बंदिस्त असावे. लेझर ज्या खोक्यात चालतो त्या खोक्याचे झाकण बंद असेल, त्याची खिडकी त्या लेझरसाठीच केलेली असेल, आणि झाकण उघडताच किरण बंद पडण्याची कळ शाबूत असेल, तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला चष्म्याचीही गरज पडत नाही. हॉलमार्कचे वा शिक्क्यांचे चांगले यंत्र असेच असते. घोळ होतो तो मोठा हंडा आला म्हणजे. हंडा खोक्यात मावत नाही. मग झाकण उघडे ठेवायचे आणि ती कळ लोहचुंबकाने नाहीतर तारेच्या तुकड्याने दाबून ठेवायची, हा आपला जुगाड! मला जुगाडाचे कौतुक आहे. बंद पडलेला पंप शेतातच सुरू करणारा आपला माणूस हुशारच म्हणावा. पण झाकणाच्या कळीला फसवणे ही हुशारी नव्हे. हंडा मावत नसेल तर मोठ्या खोक्याचे यंत्र घ्यावे, नाहीतर ते गिऱ्हाईक परत पाठवावे. दुकानाचे शे-दीडशे रुपयांचे नुकसान होईल, तेवढेच.

यंत्र उघडेच असेल, आणि स्वस्तातली पुष्कळ यंत्रे उघडीच विकली जातात, तर ते रस्त्याकडे तोंड करून दुकानाच्या दारात मांडू नये. गिऱ्हाइकांची लेकरं नेमकी तिथेच, ठिणगीची मजा बघत, टेबलाच्या उंचीवर डोळे लावून उभी राहतात. यंत्र आत, आडोशाला ठेवावे. आडोसा पत्र्याचा असावा, काळा रंग दिलेला, चमकणारा नको. हिरवी जाळी किंवा ताडपत्री चालणार नाही. जाळीतून किरण जातो, ताडपत्री पेट घेते. चालवणाऱ्याने मनगटावरचे घड्याळ, हातातले कडे काढून ठेवावे, आणि त्या आडोशाच्या आत जितके लोक, तितके चष्मे.

चष्म्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण फसवणूक इथे फार होते. लेझरचा चष्मा रंगावरून ओळखायचा नसतो. त्याच्यावर दोन गोष्टी छापलेल्या असल्या पाहिजेत. एक, कोणत्या तरंगलांबीसाठी तो आहे. दुसरी, तो किती अडवतो, म्हणजे ओ.डी. चा आकडा. हा आकडा शून्ये मोजण्यासारखा वाचायचा. ओ.डी. ४ म्हणजे एकावर चार शून्ये, दहा हजारांतला एकच भाग आत येतो. ओ.डी. ६ म्हणजे दहा लाखांतला एक. यंत्राच्या पाटीवर १,०६४ लिहिले असेल आणि चष्म्यावर ५३२ असेल, तर तो चष्मा कितीही महाग असो, त्या यंत्रापुढे नुसत्या काचेबरोबर आहे. ज्या चष्म्यावर आकडेच नाहीत तो यंत्राबरोबर फुकट मिळाला तरी वापरू नये. उन्हाचा काळा गॉगल तर उलट घात करतो. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि न दिसणारा किरण जास्तच आत शिरतो. वेल्डिंगची काळी काच वेल्डिंगच्या उजेडासाठी केलेली असते, लेझरसाठी तिच्यावर विसंबू नये. आणि एवढे सांगून हेही सांगतो, की योग्य चष्मा घातला म्हणून किरणात डोळा घालायचा नाही. चष्मा चुकून आलेल्या किरणासाठी आहे.

लाकूड, रबर, अॅक्रिलिक कापणारा लेझर निराळा. त्यात कार्बन डायऑक्साइड वायूची काचनळी असते आणि त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा किरण डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. पुढच्या आवरणातच शोषला जातो, आणि तिथे भाजतो. साधे अॅक्रिलिकचे झाकण त्याला अडवते. पण तेच पारदर्शक झाकण १,०६४ च्या लेझरवर बसवले तर किरण त्यातून आरपार येतो. दोन्ही यंत्रे एकाच दुकानात असतात, आणि एकाचे झाकण दुसऱ्याला लावण्याचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

काचनळीच्या या यंत्राचे खरे भय मात्र दुसरीकडे आहे. एक आग. अॅक्रिलिक कापताना यंत्र सोडून चहाला जाऊ नये, आणि आग विझवायचे नळकांडे हाताशी असावे. दुसरे म्हणजे वीज. त्या नळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ तो आत दबा धरून राहतो. आमच्याकडे अर्थिंगची तार पुष्कळ ठिकाणी नावालाच असते. या यंत्राला ती खरोखर जमिनीत गेलेली हवी, आणि मागचे कवाड उघडायचे काम जाणत्या मिस्त्रीचेच. तिसरे म्हणजे धूर. गिऱ्हाईक रेक्झिनचा तुकडा आणून म्हणते, "यावर तेवढं नाव टाका." रेक्झिन पुष्कळदा पी.व्ही.सी. चे असते, आणि पी.व्ही.सी. जाळले की क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. छाती जळते आणि यंत्रही गंजते. लेझरवर पी.व्ही.सी. कधीही चढवू नये, या नियमाला अपवाद नाही. बाकीचा धूर पंखा लावून, नळीने, छपराच्या वर सोडावा. शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे.

आता हातात धरून चालवायची लेझर वेल्डिंग. तिची ताकद १,००० ते २,००० वॅटच्या घरात असते. टाका देखणा येतो, पत्रा वाकत नाही, काम झपाट्याने होते, त्यामुळे कारागीर तिच्यावर खूश आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. पण ही यंत्रे बंदुकीसारखी मानावीत. तोंड माणसाकडे करू नये, मग ती चालू असोत की बंद. तिच्याबरोबर एक चिमटा येतो, तो कामाच्या तुकड्याला लावायचा असतो. टोक तुकड्याला टेकले तरच किरण सुटावा, यासाठी तो आहे. काही जण तो चिमटा टोकालाच कायमचा अडकवून ठेवतात. मग किरण हवेतही सुटतो, आणि पुढे जो येईल त्याला लागतो. आपल्याकडे वेल्डिंगचे काम रस्त्याच्या कडेला, शाळेच्या वाटेवर चालते. लेझरचे काम तसे उघड्यावर करायचे नाही. त्याला चार भिंतींची खोली, बंद दार, दारावर पाटी आणि आत फक्त चष्मा घातलेली माणसे पाहिजेत.

गावात काचेची तार टाकणारी मुले विचारतात, "आम्हालाही धोका का?" खरे सांगायचे तर घरापर्यंत येणाऱ्या बारीक तारेतला लेझर फारसा जोरदार नसतो आणि टोकातून बाहेर येताच पांगतो. पण केबल टी.व्ही. साठी जिथे तो वाढवलेला असतो तिथे त्याचा भरवसा नाही. तोही दिसत नाही. म्हणून तारेच्या टोकात डोळा घालून 'येतंय का' बघायचे नाही, भिंगातून तर मुळीच नाही. मापकाने तपासायचे. मात्र या कामात रोजचा उपद्रव लेझरपेक्षा काचेचाच. कापलेले केसासारखे तुकडे बोटात घुसतात, चटणी-भाकरीतून पोटात जातात. तुकडे झाकणाच्या डबीत टाकावेत आणि जेवणाआधी हात धुवावेत.

गणपतीच्या दिवसांत डी.जे. च्या गाडीवर लेझरचे झोत लावतात. गाडीवरच्या पोरांचे ते कामच आहे, आणि बंदोबस्ताचा पोलीस, बँडवाला, फोटोवाला यांचेही कामाचे ठिकाण म्हणजे ती मिरवणूकच. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलावर रक्तस्राव झालेले तरुण आले होते. २०२४ च्या उत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांना मनाई केली. रंगमंचावरचा लेझर प्रेक्षकांच्या डोक्यांच्या बराच वरून, सतत फिरता ठेवायचा, पडद्यावर वा पाण्यावर पाडायचा, असा संकेत आहे. गर्दीवर रोखलेला, एका जागी थांबलेला झोत म्हणजे संकट. गावच्या मंडळाने वर्गणीतून असला झोत मागवलाच नाही तर गणपतीबाप्पा रागावणार नाहीत.

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या कपाटात दर्शक लेझर असतो. प्रकाशाचे परावर्तन-अपवर्तन शिकवायला त्यासारखे साधन नाही, ते वापराच. मात्र १ मिलिवॅटच्या आतला, दुसऱ्या वर्गाचा तांबडा निवडा. माळेगावच्या यात्रेत किंवा सिद्धेश्वराच्या यात्रेत पालावर मिळणारा हिरवा दर्शक शाळेत आणू नका. त्याच्यावरचे लेबल काहीही म्हणो. हिरवा रंग पुष्कळदा त्याच १,०६४ च्या अदृश्य किरणापासून तयार करतात, आणि स्वस्त मालात तो अदृश्य किरण अडवणारी काच गाळलेली असू शकते. प्रयोग करताना दर्शक टेबलाला पक्का बांधा. बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर किरण येऊ देऊ नका, शेवटी काळा पुठ्ठा उभा करा, आणि खोली अगदी अंधारी करू नका. अंधारात बाहुल्या मोठ्या होतात हे आपण पाहिलेच. घरी जाताना दर्शक कुलपात.

कायद्याचे काय, असेही कोणी विचारतील. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पस्तिसावे कलम डोळ्यांच्या रक्षणाचे होते. उडणारे कण आणि अतिप्रखर प्रकाश यांपासून कामगारांना पडदे वा योग्य चष्मे द्यावेत, असा त्याचा आशय. त्या अधिनियमाची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण कारखाना कशाला म्हणावे याची कायद्याला एक संख्या लागते. जुन्या कायद्यात विजेवर चालणारे काम असेल तर दहा कामगार, नव्या संहितेत वीस. गंजगोलाईच्या दुकानात माणसे किती? मालक, त्याचा पुतण्या आणि एक पोरगा. तिथे तपासायला निरीक्षक येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्या पोराचा चष्मा मालकानेच आणायचा आहे, आणि पोराच्या बापाने कामाला लावताना तो आहे का हे विचारायचे आहे. पगार विचारतो तसाच.

एवढे करूनही डोळ्यात किरण गेला असा संशय आला तर काय? डोळा चोळू नये. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालत बसू नये, पडद्याची जखम थेंबांनी भरत नाही. यंत्राच्या पाटीचा फोटो काढून घ्यावा. तिच्यावर तरंगलांबी आणि वॅट लिहिलेले असतात, ते डॉक्टरला लागतात. स्वतः गाडी न चालवता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पडद्याची तपासणी बाहुली मोठी करून करतात, त्यानंतर काही तास अंधुक दिसते, घाबरू नये.

जे रोज या यंत्रांवर बसतात त्यांनी महिन्यातून एकदा घरीच एक पाहणी करावी. कागदावर १० सेंटिमीटरचा चौकोन काढा, त्यात अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर उभ्या-आडव्या रेघा मारा, मधोमध एक ठळक टिंब द्या. वाचायचा चष्मा असेल तर तो घालून कागद हातभराऐवजी फूटभर अंतरावर धरा, एक डोळा तळव्याने झाका आणि दुसऱ्याने फक्त टिंबाकडे पाहा. मग डोळा बदला. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून एकेकच. कुठे रेघ वाकडी दिसली, कुठे चौकटी पुसल्यासारख्या वाटल्या, टिंबच हरवले, तर त्या कागदावर ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि कागद बरोबर घेऊनच डॉक्टरकडे जा.